कांद्याचा वास आणि केटामाइन

झेंडूच्या क्रेटवर बसून पिकअपमधून मार्केटला निघालेली पन्नाशीची बाई स्पीडब्रेकरला उसळली आणि थेट रस्त्यावर पडली. मला फोन आला तेव्हा मी नाशकातच दुसऱ्या दवाखान्यात एका सिझरची भूल संपवून डबा उघडत होते. डबा तसाच राहिला.

सोनोग्राफीत पोटभर रक्त दिसत होतं. प्लीहा फाटलेली. रक्त चढवत होतो, तरी बीपी ऐंशीच्या वर जाईना. कानामागे टेंगूळ होतं, म्हणून मी तिच्या मुलाला दोनदा विचारलं, "बेशुद्ध झाली होती का? उलटी झाली?"

"नाय ओ मॅडम. पडली तशी उठून बसली. लय धीराची हाय माझी आई."

सीटी स्कॅनला वेळच नव्हता. मी केटामाइन भरलं. भुलीची बहुतेक औषधं बीपी पाडतात, हे सावरून धरतं. टेबलावर तिला ऑक्सिजनचा मास्क लावायला वाकले आणि भपकन कांद्याचा वास आला. वरच्या ओठाला, नाकाला. झेंडूवालीच्या नाकाला कांदा कशाला लागेल?

मी थेटरच्या दारातून ओरडले, "हिला कांदा कोणी हुंगवला?"

मुलगा रडायलाच लागला. "डोळेच उघडत नव्हती ओ, धा मिन्टं. कांदा फोडून नाकाशी धरला तवा हलली. डोक्याचं म्हणलं की मुंबईला न्या म्हणता तुम्ही लोक."

"अरे गाढवा!" एवढंच तोंडातून निघालं.

शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी डोक्यात ठोकून बसवलं होतं: डोक्याला मार असेल तर केटामाइनला हात लावायचा नाही, मेंदूवरचा दाब वाढतो. पुढे वाचनात आलं की ती भीती फार खरी नव्हती, उलट बीपी पडलं तर मार लागलेला मेंदू जास्त लवकर मरतो. वाचलेलं मला पटलं होतं. हाताला पटायचं होतं.

मी सिरिंज खाली ठेवली. नेहमीचं भुलीचं औषध, प्रोपोफॉल उचललं. मॉनिटरवर बीपी सत्तर.

"मॅडम, देताय ना?" सर्जन म्हणाला.

"देतेय हो! दम धरा जरा!" मी खेकसले. प्रोपोफॉलनं हे सत्तरसुद्धा राहिलं नसतं. ते ठेवलं, केटामाइन उचललं, डोस कमी केला आणि दिलं.

मग दोन तास मी टॉर्च घेऊन तिच्या पापण्या उघडत बसले. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत ना? एक मोठी झाली म्हणजे मेंदूवर दाब. परत बघ. सिस्टर वैतागली असेल. माझ्या हातून हिचं डोकं गेलं तर, हा एकच विचार डोक्यात होता.

पोट शिवून झाल्यावर सीटी काढला. मेंदूजवळ रक्ताचा छोटा डाग, ऑपरेशन नको. तरी ती बोलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले, मुलाकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जेवलास का?"

बाहेर आल्यावर मी त्याला चांगलं झापलं. "डॉक्टरशी पुन्हा खोटं बोललास तर याद राख!"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण मॅडम, तुम्हाला खात्री होती ना, कोनचं औषध द्यायचं त्याची?"

"होती की," मी म्हणाले.