पाणकणसात लावलेला कॅमेरा

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं चालू होतं. मुलगा जहाजांच्या कारखान्यात साहेब, सून बँकेत साहेब, आणि मी चौथी शिकलेला. उभा जन्म चंद्रपूरकडच्या जंगलात वनमजुरी केली. आता कोलकात्यात गार्डन रीचला त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो.

वसाहतीच्या मागं एक तळं आहे. नदीच्या भरतीचं पाणी नाल्यातून त्यात चढतं आणि उतरतं. अर्धं तळं पाणकणसानं, म्हणजे पुरुषभर उंच पाणगवतानं भरलेलं. वॉचमनला तिथं ठिपक्यांचं काहीतरी दिसलं आणि संध्याकाळपर्यंत वसाहतभर झालं, बिबट्या आहे. वसाहतीचे सेक्रेटरी बंगाली गृहस्थ, बोलायला गोड पण घाबरट. त्यांनी ठरवून टाकलं की रविवारी सकाळी मशीन आणून सगळं पाणकणीस उपटायचं.

मी जाऊन चिखल पाहिला. ठसा माझ्या मुठीपेक्षा लहान. बिबट्या कसला? रानमांजर होतं ते. आणि त्या ठशांच्या बाजूनं इवले इवले ठसे. पिल्लं होती. मशीन आत शिरलं असतं तर तिथंच चिरडली असती.

सेक्रेटरींना सांगितलं. ते हसले. "दादू, आपकी बात पे सब लोग नहीं मानेगा. फोटो दिखाइए. बिल्ली निकली तो मशीन नहीं आएगा."

"फोटोच आणतो," मी म्हणालो. रागातच म्हणालो. आणि एकदा बोललो की मागं घेणं माझ्या रक्तात नाही.

समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा जंगलातला कॅमेरा घ्यायला सूनबाईला घेऊन एस्प्लनेडच्या बाजारात गेलो. दुकानदार पहिल्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सल सांगत बसला. मी म्हटलं, ते राहू दे, जनावर काही पोज देऊन उभं राहत नाही. कॅमेरा काउंटरवर ठेवायला लावला आणि त्याच्यासमोरून झपाझप चाललो. फोटोत माझ्या सदऱ्याचं टोक तेवढं आलं. दुसऱ्यात अख्खा आलो, मिशीसकट. पहिल्याचा फोटो काढतानाचा दिवाही अंधारात लाल दिसायचा. दुसऱ्याचा काहीच दिसेना. जनावर एकदा बिचकलं की ती वाट सोडतं. दुसराच घेतला.

आमच्या जंगलात एक रीत होती. ज्यानं कॅमेरा बांधला त्यानंच त्याच्यासमोरून चार पायांवर रांगायचं. रांगताना चाचणीचा बारीक दिवा लुकलुकला की समजायचं, जनावर सापडणार. उभ्यानं चालून काही कळत नाही. तळ्याच्या कोरड्या बांधावर झाडाला गुडघाभर उंचीवर कॅमेरा बांधला, ऊन समोरून येऊ नये म्हणून तोंड उत्तरेला केलं आणि रांगलो. बाल्कन्यांमधून लोक बघत होते. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी वर पाहिलं नाही.

आमच्याकडचं रानमांजर पाण्याला वळसा घालून जातं, म्हणून बांध निवडला. शुक्रवारी सकाळी चिप काढली. त्यात कुत्री, एक मुंगूस, आणि लुंगीवर बिडी ओढणारे सेक्रेटरी. मांजर नाही.

"बाबा, ठसे तर पाण्याकडे जातायत," सूनबाई म्हणाली. "पोहत असेल ते."

"मांजर कधी पोहतं का?"

"तुमच्या चंद्रपूरचं नसेल पोहत."

मला ते झोंबलं. चहा अर्धा टाकून तळ्यावर गेलो. पाण्याच्या अगदी काठाशी एका मोठ्या माशाचं डोकं पडलेलं, खवले विखुरलेले, आणि ठसे सरळ पाण्यात उतरलेले. माझं सगळं जंगल कोरडं, तिथं असलं काही पाहिलं नव्हतं. फोटो शनिवारीच दाखवायला हवा होता, म्हणजे हातात एकच रात्र उरली होती.

काठाशी एक बांबू रोवलेला होता. त्याच्यावर भरतीच्या चिखलाची रेघ होती, तिच्या जरा वर कॅमेरा आवळला. तोंड खाली कलवलं. समोरची हलणारी पाती छाटली, नाहीतर वाऱ्याचेच फोटो भरले असते. मग रांगायला वाकलो, तर गुडघे चिखलात रुतले आणि हलेनात. बँकेत निघालेली सूनबाई धावत आली. मला ओढून बाहेर काढलं आणि पर्स माझ्या हातात कोंबली.

"धरा. मी रांगते."

"अजून खाली. पोट टेकव."

"बाबा, हा ऑफिसचा ड्रेस आहे!"

"ते मांजराला सांग."

ती आणखी खाली झाली. दिवा लुकलुकला.

शनिवारी बँक बंद होती, पण ती आवरून सकाळपासून तयार. मीच थांबवलं. पिल्लं असताना सारखी ये-जा केली तर आई त्यांना उचलून नेईल. दिवस जाता जाईना. ऊन कलल्यावर चिप काढली. पाणी, पाणी, एक बगळा, पुन्हा पाणी. सूनबाई एकेक फोटो पुढं सरकवत होती. आणि मग ते आलं. ठेंगणं, आखूड शेपटीचं, अंगभर ठिपके, मानेपर्यंत भिजलेलं, तोंडात जिता मासा. मागं दोन पिल्लं.

"अगं बाई!" एवढंच ती बोलली.

सेक्रेटरींनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे, ये तो बाघरोल है, मछली पकड़ने वाली बिल्ली! हमारे गाँव के पोखर में आता था!" त्यांनी लगेच मशीनवाल्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. "चिंता मत कीजिए दादू, सुबह मैं हूँ ना."

हे गृहस्थ सकाळी किती वाजता उठतात ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फटफटताच मी जुना खाकी सदरा घातला, फोटो उतरवून घेतलेला सूनबाईचा फोन घेतला आणि प्लास्टिकची खुर्ची तळ्याच्या वाटेवर बरोब्बर मधोमध मांडली. मशीन आलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ओरडला. मी बसल्या जागेवरूनच फोन वर धरला. तो खाली उतरून जवळ आला, फोटो पाहिला, पिल्लांवर बोट ठेवून काहीतरी बंगालीत पुटपुटला आणि परत वर चढला. मशीन मागं मागं जात मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.