नववी ओळ

पहिल्या दोन वर्षांत माझं सॉफ्टवेअर तीन जणांनी उतरवून घेतलं. त्यातली एक मी, माझ्याच दुसऱ्या लॅपटॉपवर. दुसरा ऑफिसातला मित्र, तोही माझ्या कटकटीला कंटाळून. तिसरा कोण ते अजून कळलेलं नाही, चुकून बोट लागलं असणार.

मी भोरमध्ये राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. हे सॉफ्टवेअर मात्र मी आत्यासाठी लिहिलं होतं. आत्या वेल्ह्याकडच्या एका वाडीत एकटी राहते. तिथं भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळी घरं तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही सगळ्यांबरोबर दुसऱ्याच्या. कधी कुणाकडं जायचं हे वाडीतले एक म्हातारे बाबा तोंडपाठ सांगायचे. बाबा गेले आणि पाळ्यांचा घोळ सुरू झाला. एका साली आत्याच्या खाचराला लोक यायला इतका उशीर झाला की रोप जून झालं, पीक बसलं, आणि तिला दुकानातून तांदूळ आणावा लागला. जन्मभर भात पिकवलेल्या बाईनं दुकानात तांदळाची पिशवी घेऊन उभं राहावं, हे मला काही केल्या पचेना.

म्हणून मी हे लिहिलं. प्रत्येक घरानं रोप कधी टाकलं ते भरायचं, मग कुणाच्या खाचरात कुठल्या दिवशी लावणी ते सॉफ्टवेअर सांगतं. फुकट, आणि आतला कोडही उघडा. कुणीही न्यावा, वाचावा, बदलावा. वेबसाइटवर मी त्याची माहिती लिहिली, चांगली चार पानं. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं, चित्र कुठंय?" मित्र म्हणाला. "मुलगी बघायला गेल्यावर घरच्यांनी नुसती चार पानांची माहिती हातात दिली, तर कोण हो म्हणेल?"

उपमा ऐकून मी त्याच्यावर उखडले, पण मुद्दा खरा होता. न दिसणारी वस्तू कुणी घरात घेत नाही. स्क्रीनशॉट काढायचा म्हणजे पडद्यावर काहीतरी भरलेलं हवं. खोटी नावं टाकायचा मला कंटाळा. आत्याला फोन लावला आणि सावडीतल्या नऊ घरांच्या तारखा विचारून घेतल्या. वरचं घर, पिंपळाखालचं घर, टाकीजवळचं घर, असं करत आठ घरं भरली. आत्याचं घर सगळ्यात शेवटी घातलं. आपल्या माणसाला पंगतीत आधी वाढू नये, असं आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात.

पडद्यावर आठ ओळी नीट मावत होत्या. नववी खालच्या कडेला अर्धी कापलेली दिसत होती, अक्षरांची नुसती डोकी. फार वाईट दिसत होतं ते. मी ती पट्टी कापून टाकली. खाली सरकवलं की नववी ओळ येतेच की, असं मनाशी म्हटलं आणि चित्र वेबसाइटवर चढवलं. 'हा नमुना बघा' म्हणून वाडीच्या ग्रुपवरही टाकलं.

आणि मी थक्क झाले. चार पानांनी दोन वर्षांत जे केलं नाही ते एका चित्रानं आठवड्यात केलं. कोकणातून एकानं लिहिलं, आमच्याकडं पण हेच हवंय. एका शिक्षिकेनं चुका काढून पाठवल्या, एका अनोळखी माणसानं कोड सुधारून दिला. मी रोज सकाळी चहाआधी आकडे बघायची. मला शिंगं फुटली होती, खोटं कशाला बोलू?

लावणी उरकत आली तेव्हा मला आणखी हाव सुटली. आता सॉफ्टवेअरच्या चित्राशेजारी खऱ्या खाचराचा फोटो हवा. आत्याचं घर यादीत शेवटी असलं तरी रोपाच्या तारखेनं तिची पाळी मधेच येत होती, आणि माझ्या हिशेबानं ती होऊन तीन दिवस झाले होते. मी भोरहून चेलाडी फाट्यावर गेले, तिथून वेल्ह्याची एसटी धरली.

वाडीच्या दूध केंद्रावर उतरले आणि समोर भिंतीवर माझा स्क्रीनशॉट! कागदावर छापून, वर प्लॅस्टिक लावून चिकटवलेला. लावणी झालेल्या सात घरांपुढं पेनानं बरोबरच्या खुणासुद्धा केलेल्या.

"ताई, तुमचा कागूद लई कामाला आला बगा," केंद्रावरचे काका म्हणाले. "औंदा भांडान न्हाई का तंटा न्हाई. मोबाईल कोन उघडतंय? समदी हितंच बगून जात्यात."

मी हसत होते. हसता हसता ओळी मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. कागद आठव्या ओळीला संपत होता.

पिशवी तिथंच टाकून मी आत्याच्या खाचराकडं पळत सुटले.

खाचरात नुसतं पाणी साचलेलं होतं. एक काडी लावलेली नव्हती. कोपऱ्यात रोप गुडघ्याच्या वर गेलं होतं, शेंडे पिवळे पडायला लागले होते. मी एक काडी उपटून पाहिली. कांडी धरली होती, म्हणजे लावायची वेळ टळत चालली होती.

घराला बाहेरून कडी. आत्या कुठं असेल हे विचारायलाच नको होतं, खालून बायकांचे आवाज येत होते. आठव्या ओळीतल्या घराची लावणी चालू होती. आणि त्या वाकलेल्या पाठींमध्ये एक पाठ आत्याची होती.

मी बांधावर उभी राहिले. ही बाई आठही घरांच्या खाचरात जाऊन राबली होती आणि तिच्या खाचरात कुणी पाय ठेवला नव्हता. कुणामुळं? माझ्यामुळं. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिलाच मी कात्री लावली होती, चित्र देखणं दिसावं म्हणून.

"आत्या!" मी शेवटी ओरडलेच. "तुझी लावणी का नाही झाली?"

सगळ्या बायका उभ्या राहिल्या. पिंपळाखालच्या घरातल्या काकू गोंधळून म्हणाल्या, "आगं, तुज्याच कागदावर तिचं घर न्हाई. आमाला वाटलं, भाची शिकल्याली, भोरवरनं मान्सं आननार आसंल. आत्यानं बी काय म्हनून इच्यारलं न्हाई."

मी आत्याकडं पाहिलं. तिनं हातातली रोपांची मूठ खाली ठेवली नाही.

"म्या कागूद बगितला," ती हळूच म्हणाली. "म्हनलं, खरंच हाय. बाकीच्या घरातनं तीन-तीन, चार-चार मान्सं येत्यात. म्या येकली. म्या काय परत करनार? तू हिशोबी पोर, इचार करूनच काडलं आसशील मला."

तिला राग आला असता तर मी झेलला असता. पण तिला ते पटलं होतं! मी तिला वगळलं हे तिनं बरोबरच मानलं होतं, आणि तरीही ती आठही दिवस दुसऱ्यांच्या चिखलात उतरली होती.

"मग तू कशाला जात राहिलीस?" मी रडत विचारलं.

"कागदात न्हाई म्हनून काय जायचं न्हाई व्हय?"

मी बुटासकट खाचरात उतरले. फोनवर तीच यादी उघडली आणि बोटानं वर सरकवून एकेका बाईला दाखवली. ही बघा नववी ओळ. होती. पहिल्यापासून होती. कागदावर मीच येऊ दिली नाही. काकूंनी कपाळावर हात मारला, चिखलासकट.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आठही घरं आत्याच्या खाचरात होती. जून रोपाचे शेंडे खुडले, एका जागी जास्त काड्या लावल्या. मीही लावल्या, वाकड्यातिकड्या. पीक थोडं कमी आलं, पण दुकानात जायची वेळ आली नाही.

लावणी संपल्यावर बांधावर चहा पिताना मी नवा स्क्रीनशॉट काढला. आत्याचं घर पहिल्या ओळीत घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरून पाहिला आणि मान हलवली.

"वर नगं. लोक म्हनतील, भाची म्हनून घातलं. खालीच घे मला," ती म्हणाली. मग फोन परत देता देता थांबली. "पर दिसंल आसं घे."