चेलोच्या पोटातल्या अक्षता

चहा घ्या आधी. मी इटलीत काय करून ठेवलं ते ऐकल्यावर माझ्या हातचं घ्याल की नाही, कोण जाणे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मिल्टन कीन्सला राहायचो. माझी मुग्धा शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवतात तो. ईस्टरच्या सुट्टीत सगळी मुलं कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, इटलीच्या दौऱ्यावर निघाली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. शेवटचा कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये, आणि त्यात मुग्धाचा सोलो. वर्षभर पोर त्यासाठी घासत होती.

आता एवढं मोठं कार्य आणि वाद्यांची पूजा नाही? आपण दसऱ्याला शिवणाच्या मशीनचीसुद्धा करतो. निघायच्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पेट्या उघड्याच होत्या. मी प्रत्येक वाद्याला हळदकुंकू दाखवलं, अक्षता वाहिल्या. फक्त आपल्या मुलीच्या चेलोला वाहणं बरं दिसलं नसतं. व्हायोलिन-चेलोच्या अंगावर दोन लांबट फटी असतात बघा. काही अक्षता त्यातून आत गेल्या. मनात म्हटलं, चला, थेट गाभाऱ्यात पोचल्या.

पहिल्याच गावी वाजवताना खुळखुळ ऐकू आली. हळुवार जागा आली की हमखास. त्यांचे संगीताचे सर, मिस्टर पार्कर, साठीचे, अविवाहित, अतिशय सभ्य. ते ड्रायव्हरला म्हणाले, "खड्डे जरा जपून. वाद्यांच्या आत काहीतरी सैल झालंय."

मी ओळखलं. दृष्ट लागली. दुसऱ्या सकाळी अक्षता थोड्या जास्त वाहिल्या.

पुढच्या गावी खुळखुळ वाढली. ड्रायव्हर बिचारा इतका हळू चालवायला लागला की सायकली आमच्या पुढे जायच्या. मी उपास धरला आणि अक्षता मूठभर केल्या. बघा ना, उपाय चालू असूनही विघ्न वाढतच होतं.

शेवटच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तालीम झाली. सर मुग्धाजवळ आले.

"आय ॲम सो सॉरी, मुग्धा. तुझा चेलो आजारी आहे. सोलो फ्लूटला द्यावा लागेल."

 मुग्धाने चेलो उचलला, उलटा केला आणि हलवला. पायऱ्यांवर लाल तांदळाचा ढीग पडला.

"आई, धिस इज तुझी देवाची तांदूळ."

"थोडेसेच वाहिले गं."

सरांनी एक दाणा उचलून निरखला. "मिसेस देव, आणखी कोणाकोणाच्या वाद्यात आहे?"

"सगळ्यांच्या. भेदभाव नाही केला."

सरांनी तो दाणा रुमालात ठेवला. मग म्हणाले, "मुग्धा, सोलो तुझाच. बाकीचे, वाद्यं उलटी करा."

झालं. सगळा ऑर्केस्ट्रा वाद्यं झाडायला लागला. पायऱ्या तांदळाने भरल्या, कबुतरं उतरली.

तेवढ्यात चर्चमधून एक म्हातारी बाहेर आली. इटलीत लग्न लागलं की जोडप्यावर चर्चच्या दारात तांदूळ उधळतात, हे मला तोवर कुठे माहीत? तिने पायऱ्यांवरचा तांदूळ बघितला. रेशमी साडीतली मी बघितली. शेजारी काळ्या सुटातले सर बघितले. तिचे डोळे भरून आले. दोन्ही मुठी भरून तिने तो आमच्या डोक्यावर उधळला.

वडीलधाऱ्या बाईने अंगावर अक्षता टाकल्या की काय करायचं, एवढं मला पक्कं ठाऊक. मी वाकून तिच्या पाया पडले. सरांना वाटलं, इथली रीत असेल. तेही माझ्या शेजारी वाकले. मुलांनी फोटो काढले.

मुग्धाचा सोलो झाला. एकही दाणा वाजला नाही. म्हातारी पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत माझ्याकडे बघून डोळे पुसत होती.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. मिल्टन कीन्समध्ये वड कुठला, मी कागदावर काढला, त्याला दोरा गुंडाळला आणि नेहमीसारखं मागितलं, सात जन्म हेच पती मिळू देत. मग हळूच पुरवणी जोडली, देवा, ते इटलीतलं धरू नकोस.