संध्याकाळी आटणारी रेंज

स्वतःचाच आवाज तुटून परत येतो तेव्हा तो वाळक्या पानांवरून कोणी चालत गेल्यासारखा वाजतो. त्या पावसाळ्यात हा आवाज माझ्या कानात इतका मुरला होता की, अंगणात पागोळ्या गळत असल्या तरी मला तोच ऐकू येई. मी लॅपटॉपसमोर बसून ‘चांदणे’ म्हणावे आणि पलीकडून कोणीतरी अत्यंत सौजन्याने सांगावे की, बाई, आम्हाला नुसते ‘णे’ ऐकू आले.

कार्ल्याच्या डोंगराखालच्या आमच्या घरातून मी दर गुरुवारी संध्याकाळी कवितेचा वर्ग घेत असे. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेने तो माझ्याकडे सोपवला होता. शिकणारी माणसे दूरदेशी राहणारी, मराठी हातातून निसटू नये म्हणून धडपडणारी. कविता मोठ्याने वाचायची, तिचा श्वास कुठे थांबतो ते दाखवायचे, एवढेच माझे काम. पण श्वासाच्या जागा मी ठरवायच्या आणि थांबायचे मात्र इंटरनेटने, असे चालले होते. शेवटी संस्थेच्या संचालिकाबाईंनी फोन केला. त्या फार मृदू बोलतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे अधिकच लागले. आणखी एक वर्ग असा तुटला तर पुढच्या सत्रासाठी त्यांना दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागणार होते. लग्नानंतर या गावात आल्यापासून पूर्णपणे माझे म्हणता येईल असे ते एकच काम होते.

वैतागाची गोष्ट अशी की, सकाळी सगळे सुरळीत असे. माडीवरच्या माझ्या खोलीत रेंज पुरेपूर. दुपारीही तक्रार नाही. दिवेलागणीला मात्र ती ओसरू लागे, आणि वर्ग सुरू होताना पार आटलेली असे. मी टेबल खिडकीशी ओढले, मग भिंतीशी. जिन्याच्या वळणावर रेंज वाढवणारी एक डबी लावली. तिचा हिरवा दिवा इमानाने लुकलुकत राही, पण लुकलुकण्यापलीकडे ती काही करत नसे. एकदा मी गच्चीवर छत्री धरून वर्ग घेतला. समोरचा डोंगर धुक्यात विरघळला होता, ओल्या भातखाचरांचा हिरवा वास नाकात भरला होता, आणि पडद्यावरचे सगळे चेहरे ध्यानस्थ झाल्यासारखे गोठलेले.

गावात प्रत्येकाकडे याचे कारण तयार होते. पाण्याची चौकशी करावी तशी इथे रेंजची चौकशी होते: आली का, कधी गेली, वरच्या आळीला आहे का. शेजारच्या आबांचे मत ठाम होते. “लोनावळ्यात पाव्हनं वाढलं की आपली रेंज आटती. ती लोकं बसली हायती नळ सोडून.” गुरुवारी कुठले आलेत पाहुणे, असे मी म्हटल्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

दुरुस्तीवाल्याला किती वेळा बोलावले ते सांगण्यात अर्थ नाही. इंटरनेटची तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली होती, म्हणून वायफायचे यंत्र तिथेच, भांड्यांच्या मांडणीवर सर्वांत वर बसवले होते. तो येई, सासूबाईंच्या हातचा चहा घेई, मोबाइल हवेत फिरवी आणि म्हणे, “मॅडम, फुल आहे.” एकदा मुद्दाम वर्गाच्या वेळीच बोलावले, तरीही फुल. कवितेच्या नादात बाईंना भास होत असावेत, असे काहीसे त्याच्या चेहऱ्यावर असे. मी भांडण्याच्या बेतात येई, आणि सासूबाई त्याला आग्रहाने आणखी एक खारी देत.

मग तो गुरुवार आला. मी कवितेच्या तिसऱ्या ओळीवर होते. संचालिकाबाईही त्या दिवशी ऐकायला बसल्या होत्या. त्यांचा चेहरा आधी चौकोनी ठिकऱ्यांसारखा झाला, मग थांबला. कोणी तरी म्हणाले, “बाई, आवाज...” आणि तो आवाजही गेला. माझ्या आत काही तरी फुटले. लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून मी जिना उतरले आणि तशीच स्वयंपाकघरात शिरले. तिथे शिजत्या इंद्रायणी तांदळाचा गोड, दाट वास कोंडला होता, तेलात लसूण तडतडत होता. मी मांडणीच्या माथ्याकडे पाहिले, तर यंत्र तिथे नव्हतेच.

“आई, ते नेटचं यंत्र कुठंय?”

सासूबाईंनी उलथन्याने वर दाखवले. “हाय की तितंच.”

तिथे जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, एक जुने पातेले पालथे घातलेले होते. भांड्यांच्या मांडणीवर पालथे पातेले. त्यात नजर अडकण्यासारखे काय असणार? त्याच्या काठाखालून एक काळी तार मात्र बाहेर आली होती.

“झाकून ठेवता तुम्ही ते?”

“मग? सांच्याला भात शिजतो, फोडनी उडती. वाफ लागून बिघडलं म्हंजी? तुजं काम हाय त्याच्यावर.”

मी विचारले, मग तो दुरुस्तीवाला आला तेव्हा?

“पाव्हन्याम्होरं भांडं पालथं घालून ठिवायचं व्हय?” त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. “काडून, पदरानं पुसून ठिवत व्हते. काय म्हनंल त्यो, ह्यांच्या घरी रीत न्हाई.”

मला ओरडायचे होते. इतक्या आठवड्यांचा संताप अगदी ओठांवर होता, आणि ज्यांच्यावर तो काढायचा त्या माझ्या कामाच्या काळजीने उलथने हातात घेऊन उभ्या होत्या. राग ठेवायला जागाच उरली नाही, याचा वेगळा राग आला. मी टाचा उंचावून पातेले उचलले. ते आतून घामेजलेले, कोमट होते.

पडद्यावर आधी एक डोळा हलला, मग एक हात. विखुरलेले चौकोन एकेक करून जुळले. संचालिकाबाई चष्मा वर सारून पुढे झुकल्या. माझ्यामागे त्यांना काय दिसत होते कोण जाणे. मांडणी, वाफाळता टोप, खांद्यावर पदर घेऊन डोकावणाऱ्या सासूबाई. मी क्षमा मागू लागले, तशी संचालिकाबाईंनी हाताने मला थांबवले आणि म्हणाल्या, “बोला, तिसरी ओळ.”