बाजूनं पहा, भाऊ

भिंत बघायची म्हटली की पेंटरकाका आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला लावत. मग लांब वायरीचा बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरत आणि म्हणत, "समोरून तं सगळेच गुळगुळीत दिसतात, भाऊ. बाजूनं पहा."

तुम्हीही एकदा असा बल्ब धरून बघा. ज्या भिंतीसमोर उभं राहून तुम्ही दिवाळीचे फोटो काढता, तिच्यावर टेकड्या सापडतील, खड्डे सापडतील, एखादा ओढाही सापडेल. माणसांकडे बघतानाही ते मान अशीच तिरपी करत. त्यामुळे मी त्यांच्यासमोर जरा अंग चोरूनच उभा राहायचो.

हिंदी मुलखातल्या आमच्या रांझी वस्तीत ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. नोकरीभर कारखान्यात गाड्या रंगवल्या आणि रिटायर झाल्यावर ओळखीच्या घरांच्या भिंती. सायकलच्या दांड्याला रोलर, हँडलला जेवणाचा डबा. सगळी वस्ती त्यांना पेंटरकाका म्हणायची. असा माणूस हाताशी असून मी त्यांना बोलावलं नाही, तिथून ही गोष्ट सुरू होते.

माझ्या आईला काही वर्षांपासून दिसत नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण कुणी हात धरलेला तिला खपत नाही. "मी काय पार्सल आहे, इकडून तिकडे पोचवायला?" तिच्या खोलीतून बाथरूमकडे एक अरुंद बोळ जातो. त्याच्या भिंतीवर तळवा सरकवत ती एकटी जायची आणि एकटी यायची.

त्या बोळाचा रंग उडाला होता. मी मोबाइलवर अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला आणि बायकोला म्हणालो, "यात काय आहे एवढं?"

ती म्हणाली, "गीझर उघडला तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

पुट्टी ओली असतानाच मी रंग चढवला. अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा रोलर फिरवला, कारण फिरवताना फार छान वाटत होतं. आणि मग कळस केला. खाली पुट्टीची भुकटी सांडली होती. भिंत ओली असताना मी ती जोमात झाडली, वर रंग लवकर सुकावा म्हणून टेबलफॅन लावला. दुसऱ्या दिवशी आमच्या बोळाची किसणी झाली होती.

आईनं सकाळी भिंतीवर हात ठेवला, ती दोन पावलं चालली आणि मागे फिरली. तळव्याला खरचटलं होतं. त्या दिवसापासून ती खोलीत बसूनच हाक मारू लागली, "अरे, कुणी मोकळं आहे का?" ही हाक मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी पेंटरकाकांना घेऊन आलो. त्यांनी बल्ब धरला. बराच वेळ भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काहून केलं?"

"व्हिडिओ पाहून केलं."

"अच्छा. झाडू त्यातच होता, का तुमचा स्वतःचा?"

मान तिरपी. मी छताकडे पाहू लागलो.

मग ते आईकडे वळले. "काकूजी, एकदा चालून दाखवा. हात भिंतीला लावू नका, नुसता जवळ ठेवा."

"चालते. चावू नको म्हणावं तिला."

आई चालली. तिचा हात जाईल तशी ते मागून पेन्सिलीनं रेघ ओढत गेले. बाथरूमच्या अलीकडे एक पायरी खाली उतरते. तिथे आई थांबली, पायाच्या अंगठ्यानं कड चाचपली आणि मग उतरली. काकांची पेन्सिलही थांबली. त्यांनी तिला हळूच काहीतरी विचारलं, आणि दोघं हसली. मला वाटलं, माझ्यावरच असणार.

काम बरेच दिवस चाललं. माझा रंग खरवडला, पुट्टीचा एक हात, तो पूर्ण सुकला की दुसरा. मग घासणं, मग ओल्या फडक्यानं भुकटी पुसणं, प्रायमर, आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. मला एकच जबाबदारी होती, बल्ब धरायची. तोही मी हलवतो अशी तक्रार होती. मी घाई केली की म्हणत, "भिंत आपली सुकून राहिली. तुम्ही काहून तापून राहिले?"

शेवटी आई निघाली. तळवा असा सरकला, जसा काही पाण्यावरून. पायरीशी ती जराशी थांबली, सरळ उतरली, परत आली. हाका बंद झाल्या.

आठवड्यानं मी गुपचूप बल्ब काढला. बाजूनं पाहिलं, आणि काय सांगू तुम्हाला, पायरीच्या अलीकडे डाळीच्या दाण्याएवढी गाठ सापडली. चूक, तीही त्यांची. मी चपला घालून थेट त्यांच्या घरी.

"काका, बाजूनं पाहिलं बरं का मी."

"मग?"

"पायरीजवळ एक दाणा राहिला आहे."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "काकूजींना विचारलं?"

घरी येऊन विचारलं. आई म्हणाली, "राहिला नाही, ठेवलाय. बोट लागलं की पाय खाली टाकायचा. इतके दिवस अंगठ्यानं चाचपत होते मी. तुला दिसलं होतं का कधी?"

दिसत मला होतं. म्हणजे डोळे मला होते.

मागच्या हिवाळ्यात पेंटरकाका गेले. त्या दिवशी आई बोळात नेहमीपेक्षा जास्त वेळ होती.

यंदा बोळ पुन्हा रंगवायला काढला. नवा पेंटर तरुण आहे, हात चांगला आहे. पुट्टी घासता घासता म्हणाला, "भैया, यहाँ एक दाना रह गया है. घिस दूँ?"

मी धावत जाऊन दाण्यावर तळवाच ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात आई खोलीतून निघाली, हात भिंतीला लावून. आम्ही दोघं बाजूला झालो. तिचं बोट दाण्याशी आलं, थांबलं, आणि पाऊल सरळ खाली गेलं.

नव्या पेंटरनं हातातला घासायचा कागद खिशात घातला, आणि मान तिरपी करून भिंतीकडे पाहिलं.