दोन हरवलेले, एक खरा

तो तपास मी अजून विसरलेलो नाही. सोलापूरच्या पूर्व भागातले पोलीस ठाणे तेव्हा माझ्याकडे होते. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक वृद्ध गृहस्थ घरातून निघून गेले. विस्मरणाच्या आजारात मराठी सुटून फक्त तेलुगू उरली होती, आणि मधुमेहाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या. मिसिंग नोंदवून आम्ही बिनतारी संदेश दिला. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, दवाखाने पाहिले. हाती काही लागले नाही.

त्यांची सून ठाण्यात आली. "साहेब, मामांच्या फोटोच्या चाळीस झेरॉक्स लावल्या मी. फोन एकपण आला नाही. चौकात बायका हसल्या की मला. म्हणाल्या, पिच्चरचं अजून किती चिकटवणार?"

मी चौकात जाऊन पाहिले. भिंतीभर एकसारखी रंगीत पोस्टर्स होती: 'हरवले आहेत', एका वृद्धाचा फोटो, खाली मोबाइल नंबर. सिनेमाचे नाव कुठेच नव्हते; नंबर लावून पाहिलेल्यांकडूनच ही सिनेमाची जाहिरात असल्याचे चौकात पसरले होते. त्या गर्दीत सुनेची झेरॉक्स मलाही उशिरा दिसली.

नंबरावरून चित्रपट वितरकाचा स्थानिक माणूस सापडला. त्याला ठाण्यात बोलावले. बायकोलाही आणायला सांगितले, कारण फोन ती घेत होती.

"साहेब, नुसतं नाव छापलं तर कोण बघतंय?" तो म्हणाला. "आधी लोकांना कोड्यात टाकायचं, गुरुवारी नाव फोडायचं, शुक्रवारी थेटर भरतंय."

"पोलिसांना कळवलं होतं?"

"कळवलं तर बातमी फुटते की."

मी त्याच्या बायकोकडे वळलो. साक्षीदाराला 'काही विशेष घडलं का' असे विचारले की तो 'नाही' म्हणतो. भांडण मात्र त्याला शब्दन् शब्द आठवते. म्हणून विचारले, "फोनवर कुणाशी वाजलं का?"

"एका बाईशी. दोनदा फोन केला तिनं. म्हणे, होटगी स्टेशनजवळ म्हातारा बसलाय, तेलुगू बोलतोय, घेऊन जावा. मी म्हटलं, मावशी, शुक्रवारी सहकुटुंब या. तर मला शिव्याच घातल्या." बोलता बोलताच तिला उमगले, तो म्हातारा खरा होता.

सुनेला बरोबर घेऊन, गोळ्यांसह आम्ही होटगी गाठली. स्टेशनबाहेर एका चहाच्या टपरीच्या बाकावर वृद्ध गृहस्थ चादर पांघरून बसले होते. टपरीवाल्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आता आलाव व्हय? ती बया मला पिच्चरला बोलवतीया, अन् हितं म्हातारं कापतंय."

"ठाण्यात का नाही कळवलंत?"

"तुमी मलाच बसवून ठिवलं असतं. भिंतीवरचंच म्हातारं हाय वाटलं, म्हून तितं फोन केला."

सुनेने तेलुगूत हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि तिच्या पदराचे टोक धरले, ते दवाखान्यापर्यंत सोडले नाही. साखर बरीच वाढली होती. पण ते बचावले.

वितरकाच्या माणसाला नोटीस देऊन सगळी पोस्टर्स काढायला लावली. "कुतूहलच गेलं, साहेब," एवढेच तो म्हणाला. जाहिरात करणे गुन्हा नाही. पण मदतीची हाक जाहिरातीला वापरली, की लोक खऱ्या हाकेलाही हसतात, हे मी त्या प्रकरणात पाहिले. त्या नुकसानीला कायद्यात कलम सापडत नाही.

आठवड्याने चौकातून जाताना सून दिसली. पाण्याने भिजवून ती स्वतःच्या झेरॉक्स खरवडत होती. मी म्हटले, "राहू द्या, पावसात जातील."

"नको साहेब," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्या कुणाचं माणूस हरवलं, तर त्याला जागा नको का?"