पालखी वळते तिथवरचा नकाशा

"तुमची वस्ती वेशीबाहेर हाय. ह्यो नकाशा गावाचा हाय."

पाटील खुर्चीतून न उठता बोलले. ग्रामपंचायतीच्या हॉलमधले लोक हसले. मी दारापाशी उभी होते. प्रोजेक्टरनं भिंतीवर आमच्या निलंग्याजवळच्या गावाचा नकाशा दाखवला होता. पुरात, भूकंपात जे घर आधी पडेल, त्यावर पिवळा चौकोन. ज्याचं घर पिवळं, त्याला पाऊस वाढला की मोबाईलवर आधी इशारा येणार, शाळेत निवारा मिळणार. आमची घरं ओढ्याच्या काठावर. तिथं नुसता हिरवा रंग. मी एवढंच विचारलं होतं, "आमची घरं कुठं हायत?"

लॅपटॉपवर पाटलांची वैष्णवी बसली होती. पुण्याहून आलेली. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. भूगोलात मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. ती इंजिनिअर झाली, मी अंगणवाडीत मदतनीस. खोटं कशाला बोलू, मी जळले. तिच्या लॅपटॉपवर जळले, तिच्या मऊ बोटांवर जळले. तीन दिवस उन्हात तिच्यासोबत मीच फिरले होते. कोणाची भिंत मातीची, कोणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं, सगळं मी सांगितलं. तिनं मोबाईलमध्ये भरलं. भिंतीवर नाव तिचं एकटीचं.

आमच्या गावात देवीची पालखी वेशीपर्यंत येते आणि तिथून माघारी वळते. आम्ही बाहेर उभं राहून हात जोडायचे. वैष्णवीही तिन्ही दिवस तिथूनच वळली. "पुढचं राहू दे गं," म्हणाली. मला वाटलं, उद्या येईल. मी बावळट.

मग भिंतीवर एक चौकोन ओळखला. पाटलांचा गोठा. पिवळा. मला त्यातल्या म्हशीचा हेवा वाटला. तिच्या छपराला नकाशावर जागा होती, माझ्या आईच्या छपराला नव्हती. म्हशीवर जळायची वेळ माझ्यावर कोणी आणली? हे मनात आलं आणि लाज गेली. राग आला.

ग्रामसेवकानं कागद पुढं केला. सगळ्या गावाची पाहणी पूर्ण झाली, असं लिहिलेलं. अंगणवाडीची सही बाकी होती. सेविका रजेवर, म्हणून मी.

"मी सही करत न्हाई."

"कामावर राहायचं हाय का न्हाई तुला?" पाटील म्हणाले.

"राहायचं हाय. सही करत न्हाई."

पेन टेबलावर ठेवलं. बाहेर आले.

दुपारी लेकरं घरी गेल्यावर फोन उघडला. हा नकाशा खुला आहे, कोणीही घर नोंदवू शकतं, हे पहिल्या दिवशी वैष्णवीनंच सांगितलं होतं. बोटांनी ओढा मोठा केला. वरून काढलेल्या फोटोत आमचे पत्रे स्वच्छ दिसत होते. पत्र्यांवर ठेवलेले दगडसुद्धा. तिला दिसले नसतील? एकेका पत्र्याभोवती रेघ ओढली. भिंत मातीची. ओढा वीस पावलांवर. पहिलं घर आईचं टाकलं.

संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला. "अगं, बाबा खूप चिडलेत. तुझ्या नोंदी काढाव्या लागतील मला."

"काढ. मी परत टाकते."

फोन मीच ठेवला.

वैष्णवी स्वभावानं चांगली आहे म्हणतात. असेल. तिच्या चांगुलपणानं आमचं एकही घर नकाशावर आलं नाही. मी अजून जळते तिच्यावर आणि हे जळणं मला हवंय. ती जितक्या वेळा काढेल तितक्या वेळा मी टाकीन. वस्तीतल्या चार पोरींना हे शिकवायला घेतलंय. पुढची पाहणी ओढ्यापासून सुरू होईल. पाटलांचा गोठा शेवटी मोजू.